शेऱ्याचा रकाना

अण्णा इचलकरंजीतल्या एका सुताच्या पेढीवर सदतीस वर्षे दिवाणजी होते. पेढीच्या चोपड्या पेढीवरच राहिल्या, पण घरी त्यांनी स्वतःची म्हणून एक लांबट वही ठेवली होती. तिच्यात रोज संध्याकाळी ते चारच गोष्टी लिहीत: तारीख, बत्तीस नंबरच्या सुताचा किलोचा भाव, चाळीस नंबरचा भाव (नंबर जितका मोठा तितके सूत बारीक), आणि शेवटच्या अरुंद रकान्यात शेरा. बहुतेक दिवशी हा रकाना कोराच असे. भाव एकदम हलला तरच तिथे एखादा शब्द उतरे: ‘वीज’, ‘संप’, ‘पाऊस’, ‘दिवाळी’. सुरुवातीची पाने अशा घरच्या शब्दांनी भरलेली आहेत. पुढे कुठेतरी ‘दिल्ली’ हा शब्द येऊ लागतो, आणि २००५ पासून त्याच्या जोडीला ‘चीन’, ‘ढाका’, ‘अमेरिका’ हे शब्दही येतात. अण्णा कधी पुण्यापलीकडे फारसे गेले नाहीत, पण त्यांच्या वहीचा शेवटचा रकाना मात्र जगभर हिंडून आलेला आहे.

अण्णा गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. मी कापड व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, त्यामुळे भाव माझ्या कानावर पडतातच; मधले काही खंड सोडले तर मी ती वही पुढे चालवत आलो आहे. आयात-निर्यात धोरण या विषयावर मला जे काही कळले आहे ते वर्तमानपत्रांपेक्षा त्या रकान्याने जास्त शिकवले आहे, आणि म्हणून या लेखात मी पुन्हापुन्हा त्याच्याकडेच वळणार आहे.

वहीतली सर्वांत बेचैन पाने २०१० ते २०१२ या काळातली आहेत. एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने कापसाची निर्यात थांबवली. त्याच आर्थिक वर्षात पुढे सुताच्या निर्यातीला ७२ कोटी किलोंची मर्यादा घातली गेली. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला. इकडे एप्रिलपासून सुताची निर्यात खुली झाली, तोवर जगातले गिऱ्हाईक दमून गेले होते आणि भाव उतरणीला लागला होता. मग ५ मार्च २०१२ रोजी कापसाच्या निर्यातीवर पुन्हा बंदी आली आणि आठवडाभरात ती मागे घेण्याचा निर्णयही झाला. अण्णांच्या वहीत त्या आठवड्यातले दोन शेरे एकाखाली एक आहेत. पहिला ‘दिल्ली’. दुसरा ‘दिल्लीच’.

त्या काळातली माझी स्वतःची एक चूक येथे नोंदवणे भाग आहे. सुताची निर्यात खुली होणार अशी कुजबुज बाजारात सुरू झाली तेव्हा, खुली झाली की भाव चढणार या सरळ हिशेबाने, मी साठवलेल्या पैशातून चाळीस नंबरची काही बाचकी घेऊन ठेवली. अण्णांनी विचारले, “तुला कुणी सांगितलं?” मी म्हणालो, “सगळेच म्हणतायत.” त्यावर ते म्हणाले, “मग ते आधीच भावात आलेलं असणार.” मी ती बाचकी जुलैमध्ये तोट्यात विकली. धोरण जाहीर होते त्या दिवशी त्याचा परिणाम सुरू होतो, असे मी तोपर्यंत समजत होतो. खरे तर तो कुजबुजीच्या दिवशी सुरू होतो, आणि कुजबुज सर्वांत शेवटी पोचते ती मागावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत.

हे समजण्यासाठी आमच्या गावचा धंदा कसा चालतो ते थोडे सांगायला हवे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग बसवला. आज गावात मागांची संख्या लाखावर सांगितली जाते. बाहेरच्यांना वाटते की मागवाला म्हणजे कापडाचा मालक. प्रत्यक्षात बहुसंख्य मागवाले खर्चीवाले आहेत. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे. मागवाल्याने फक्त विणून द्यायचे आणि पिकामागे अमुक पैसे घ्यायचे. पीक म्हणजे एका इंचात पडणारे आडवे धागे. दर पिकाला दहा पैसे धरला तर बावन्न पिकाच्या कापडाला मीटरमागे ५ रुपये २० पैसे होतात, आणि त्यातून वीज, जागाभाडे, आडवा धागा वाहणारे धोटे आणि सुटे भाग, माग दुरुस्त करणारा जॉबर, धोट्यातल्या कांड्या भरणारी कांडीवाली आणि कामगार हे सगळे भागवायचे असते. कामगाराची मजुरीही मीटरवरच. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास धागे टाकतो. तुटलेले तार सांधणे, कांडी बदलणे हे धरून बारा तासांच्या पाळीत एका मागावर चाळीस मीटरच्या आसपास कापड निघते. माग थांबला तर मजुरी शून्य. पगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी, कपातीची नोटीस हे शब्द इथल्या बहुतेक कामगारांनी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहेत.

आता यात सुताचा भाव कुठे बसतो ते पाहा. मीटरला शंभर ग्रॅम सूत लागणारे कापड धरले आणि सूत किलोमागे वीस रुपयांनी हलले, तर कापडाचा खर्च मीटरमागे दोन रुपयांनी हलतो. विणणाऱ्याला जे ५ रुपये २० पैसे मिळतात त्याच्या जवळजवळ चाळीस टक्के. व्यापारी हा धक्का स्वतःच्या अंगावर घेत नाही, आणि त्याला दोष द्यावा असेही मला वाटत नाही, कारण त्यानेही सूत उधारीवर घेतलेले असते आणि कापड पाली, बालोत्रा किंवा अहमदाबादच्या प्रोसेसवाल्याला, म्हणजे कापड धुऊन रंगवणाऱ्याला, उधारीवर दिलेले असते. त्याच्या हातात एकच उपाय असतो: भाव स्थिरावेपर्यंत नवे बीम, म्हणजे मागावर चढणारा उभ्या धाग्यांचा रूळ, न भरणे. सायझिंगला, म्हणजे त्या उभ्या धाग्यांना खळ द्यायला, सूत गेले नाही की पंधरा दिवसांत माग थांबतात. म्हणूनच भाव वाढल्याने माग थांबतो, आणि भाव पडल्यानेही थांबतो. गावात धंदा चांगला चालतो तो भाव कंटाळवाणा असतो तेव्हा.

हिंगणघाटचा माझा एक मित्र आहे. आम्ही इचलकरंजीत एकत्र शिकलो. वस्त्रोद्योगाची पदवी घेऊन तो परत गेला आणि वडिलांच्या शेतात कापूस पेरू लागला. मार्च २०१२ च्या त्या बंदीच्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. मी आनंदात होतो, कारण सूत उतरले होते. तो म्हणाला, “तुमच्या सुतासाठी आमचा कापूस स्वस्त कराचा का बे?” मला उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर अजूनही सुचलेले नाही. आयात-निर्यातीची चर्चा आपण नेहमी ‘देशी’ आणि ‘परदेशी’ अशा दोन पक्षांत वाटून टाकतो. पण कापूस निर्यातबंदीत परदेशी कोण होता? एका टोकाला यवतमाळ-वर्ध्याचा शेतकरी होता, दुसऱ्या टोकाला इचलकरंजी-मालेगाव-भिवंडीचा मागवाला होता, आणि मध्ये सूतगिरणी होती. तिघेही एकाच राज्यातले, आणि पुष्कळदा एकाच पक्षाला मत देणारेही.

हीच गोष्ट आयातशुल्काच्या बाबतीत उलट्या बाजूने घडते. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर शुल्क लागले: पाच टक्के मूळ सीमाशुल्क, पाच टक्के कृषी अधिभार आणि त्यांवरचा समाजकल्याण अधिभार मिळून अकरा टक्के. शेतकऱ्याला संरक्षण हा त्यामागचा हेतू होता. पुढच्याच हंगामात जगभर कापूस तापला. शेतकऱ्याला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव दिसला आणि मे २०२२ मध्ये ३५६ किलोंची खंडी एक लाख रुपयांच्या पुढे गेली. हिंगणघाटचा मित्र त्या वर्षी प्रथमच नवा ट्रॅक्टर घेण्याविषयी बोलला. आमच्याकडे त्याच महिन्यांत माग भंगारात जात होते. किलोच्या भावाने, वजन करून. सरकारने एप्रिल २०२२ मध्ये शुल्क तात्पुरते माफ केले, आणि ऑक्टोबरनंतर पुन्हा लावले. ज्या शुल्काने एका घरी ट्रॅक्टर आला त्यानेच दुसऱ्या घरचा माग भंगारात गेला, असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. शुल्क नसते तरी जगातला भाव चढाच होता. अकरा टक्क्यांनी त्या चढाला वरून आणखी एक पायरी जोडली, इतकेच.

कृत्रिम धाग्याची कहाणी मला यापेक्षा जास्त खटकते, कारण तिथे दुसऱ्या टोकाला गरीब शेतकरी नाही. व्हिस्कोजचा, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला, तंतू देशात मुख्यत्वे एकाच मोठ्या उद्योगसमूहाच्या कारखान्यांत तयार होतो. २०१० पासून २०२१ पर्यंत चीन आणि इंडोनेशियातून येणाऱ्या या तंतूवर डंपिंगविरोधी शुल्क, म्हणजे बाहेरचा माल पडेल भावात इथे ओतला जाऊ नये म्हणून लावलेला जादा कर, होते. ते उठले आणि दीड वर्षात, मार्च २०२३ मध्ये, गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला: परदेशी कारखान्याकडे भारतीय मानक ब्यूरोचा परवाना असल्याशिवाय त्याचा माल येणार नाही. शुल्काने माल महाग होतो, परवान्याने तो यायचाच थांबू शकतो. पॉलिएस्टरच्या तंतूवर आणि धाग्यावरही असेच आदेश निघाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये हे आदेश मागे घेतले गेले, तेव्हा गावात काही जणांनी पेढे वाटले. या सगळ्या वर्षांत ‘देशी उद्योगाचे संरक्षण’ हा शब्दप्रयोग मी असंख्य वेळा वाचला, आणि प्रत्येक वेळी माझ्यातला हिशेबनीस विचारत राहिला की देशी उद्योग म्हणजे नेमका कोण. तंतू करणारा एक, त्यातून धागा करणारे काही शे, विणणारे लाखो. जो एकटा असतो त्याला दिल्लीत वकील परवडतो. विणणाऱ्यांना शिष्टमंडळ पाठवायचे तर आधी रेल्वेच्या तिकिटाची वर्गणी काढावी लागते.

कापडावरचा कर कुणासाठी, हा प्रश्न या देशात जुना आहे. १८९६ मध्ये ब्रिटिश सरकारने आयात कापडावर साडेतीन टक्के कर ठेवला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची तक्रार नको म्हणून इथल्या गिरण्यांच्या कापडावरही बरोबर तितकाच उत्पादन कर बसवला. हा कर उठायला १९२५ साल उजाडले. मुंबईच्या रस्त्यावर १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकखाली गेलेला बाबू गेनू हा गिरणीकामगार होता, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या तपशिलाकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. ज्याचा घाम त्या धोरणात वाया जात होता तोच रस्त्यात आडवा झाला होता.

स्वातंत्र्यानंतर श्रीमंत देशांनी आपल्या कापड कामगारांसाठी जी भिंत उभी केली ती जास्त गुंतागुंतीची होती. १९७४ पासून अमेरिका आणि युरोपने एकेका गरीब देशाला कोटा ठरवून दिला: इतके शर्ट, इतक्या चादरी, त्यापलीकडे नाही. या कोट्याचा एक परिणाम कुणाच्याच मनात नव्हता. कोरियाचा कोटा भरल्यामुळे तिथल्या देवू कंपनीने कोटा नसलेला देश शोधला, आणि १९७९ मध्ये बांगलादेशातल्या देश गारमेंट्सच्या १३० माणसांना शिवणकामाच्या प्रशिक्षणासाठी कोरियाला नेले. त्यातले पुष्कळ जण पुढे स्वतःचे कारखाने काढून बसले. जे देशाबाहेर ठेवण्यासाठी कोटा निर्माण केला तेच त्याने नव्या जागी रुजवले. १ जानेवारी २००५ ला कोटे संपले. आमच्याकडे त्या दिवशी मोठ्या आशा होत्या. तंत्रज्ञान सुधारणा योजनेतून कर्जे काढून लोकांनी धोट्याशिवाय चालणारे शटललेस माग आणले होते. अण्णांच्या वहीत त्या तारखेचा शेरा मात्र ‘चीन’ आहे, आणि त्यापुढे छोटे प्रश्नचिन्ह. ते काढताना पेन दाबले गेल्याची खूण पाठच्या पानावर दिसते.

ढाक्याचे आणि आमचे नाते तर विलक्षण आहे. २०११ मध्ये भारताने बांगलादेशच्या तयार कपड्यांना जवळजवळ पूर्णपणे शुल्कमुक्त वाट दिली. त्यामुळे इथल्या शिवणवाल्यांनी हाय खाल्ली, पण भारतीय सुताच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एकही तोच देश होता. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशने भारतीय सुताची जमिनीवरून होणारी आयात थांबवली. मे महिन्यात भारताने त्यांच्या कपड्यांना जमिनीवरची नाकी बंद केली आणि फक्त कोलकाता व न्हावा शेवा ही बंदरे ठेवली. म्हणजे मेघालयाच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर शिवलेला शर्ट आधी समुद्राने कोलकात्याला किंवा थेट रायगड जिल्ह्यात येणार आणि मग ट्रकने गुवाहाटीला जाणार. धोरणकर्त्यांना याचा भूगोल दिसला नसेल असे मानायला मन तयार होत नाही. तो दिसूनच तसे केले असावे.

आपल्यावर जे येते ते कुणाकडून तरी निघून आलेले असते, याची जाणीव मला एका टॉवेलने करून दिली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये कॅनापोलिस नावाचे गाव आहे. शंभर वर्षे ते टॉवेल आणि चादरींवर जगले. ३० जुलै २००३ रोजी तिथली पिलोटेक्स कंपनी बंद झाली आणि त्या एका राज्यात चार हजारांहून जास्त माणसांची नोकरी एका दिवसात गेली. तो टॉवेल विणण्याचे काम नंतर जगभर विखुरले आणि त्यातला काही वाटा भारतात आला; सोलापूरच्या टेरी टॉवेलवाल्यांचे अमेरिकी गिऱ्हाईक वाढले ते याच वर्षांत. अमेरिकेने १९६२ च्या कायद्यात मान्य केले होते की आयातीमुळे ज्याचे काम जाते त्याला देशाने नवे प्रशिक्षण आणि काही काळ भत्ता द्यायला हवा. ती योजना किती अपुरी होती यावर तिथेच ग्रंथ लिहिले गेले आहेत, आणि जुलै २०२२ मध्ये ती मुदतवाढ न मिळाल्याने नव्या अर्जांना बंदही झाली. तरी धोरणाने बुडालेला कामगार अशी एक जात असते, हे तिथल्या कायद्याने साठ वर्षे तरी मानले. आमच्याकडे निर्यातदाराला करपरतावा मिळतो, कर्जाची मुदत वाढते, व्याजात सूट मिळते. या यादीत मागावरच्या माणसाचा रकाना कुठे आहे ते मी शोधले आहे. तो नाही.

मग २०२५ चा ऑगस्ट आला. ७ तारखेपासून अमेरिकेने भारतीय मालावर पंचवीस टक्के जादा शुल्क लावले आणि २७ तारखेपासून, रशियाचे तेल घेतल्याबद्दल म्हणून, आणखी पंचवीस. तेव्हा बांगलादेश आणि व्हिएतनामला वीस होते, आम्हाला पन्नास. २७ तारखेला गणेशचतुर्थी होती. माझ्या काकांच्या कारखान्यात आठ साधे माग आहेत. त्यांना रशियाचे तेल कधी लागलेले नाही, जे लागते ते बाजारपेठेतल्या दुकानातून डब्यात येते. काका थेट अमेरिकेला काही पाठवतही नाहीत. पण सोलापूरचा टॉवेल अडला, करूरची चादर अडली, तिरुपूरचा शर्ट अडला, की ते सूत आणि ते कापड देशातल्याच बाजारात उतरते आणि त्याच्या खाली आमचे पॉपलिन दबते. शुल्काची लाट आमच्यापर्यंत अशी दुसऱ्यांच्या अंगावरून येते.

केंद्राने याच धक्क्यावर उपाय म्हणून १९ ऑगस्टपासून कापसाचे अकरा टक्के शुल्क सप्टेंबरअखेरपर्यंत माफ केले होते. २८ ऑगस्टला ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे ऐन कापूस वेचणीच्या हंगामावर. त्या संध्याकाळी हिंगणघाटचा फोन आला. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये असल्याचे त्याने सांगितले, आणि बाजारात तो मिळणार नाही म्हणून सरकारी खरेदीकेंद्रावर नोंदणी करायची आहे, हेही सांगितले. मी म्हणालो, इकडेही माग अर्धेच चालू आहेत. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, “म्हणजे आमचं घेऊनही तुमचं काही झालं नाही.” त्याच्या आवाजात राग नव्हता, असे मला वाटले. मी वही उघडली आणि त्या तारखेच्या शेऱ्यात ‘अमेरिका’ लिहिले, मग ‘दिल्ली’, मग जागा संपली आणि ‘हिंगणघाट’ हा शब्द समासात उभा लिहावा लागला.

गणपतीसाठी कर्नाटकात गावी गेलेले कामगार विसर्जनानंतर परतले तेव्हा मी काकांकडे हिशेब घेऊन बसलो होतो. काकांचा सर्वांत जुना कामगार, ज्याला आम्ही सगळे मामा म्हणतो, दारातच चपला काढून उभा राहिला. आठपैकी चार मागांवर कापड नव्हते, ते त्याने आत न येताच पाहिले असावे.

“मालक, उद्यापासून यायचं न्हवं?”

काकांनी माझ्याकडे पाहिले, जणू माझ्या वहीत उत्तर असेल. मग ते म्हणाले, “या मामा. अलीकडच्या चार मागांवर बीम आहे अजून. बुधवारपर्यंत पुरंल.”